दहानं गुणलेलं पाणी

“अनं मंग कितीनं गुनलं?” विहारातल्या रेवत भंतेंनी विचारलं.

“दहानं.”

“पानी किती घेतलं होतं?”

विशाखानं मांडीवरची जुनी वही उघडली नाही. त्या पानावर काय आहे ते तिला कालपासून पाठ होतं.

“पंचवीस मिलिलिटर,” ती म्हणाली.

भंतेंनी पाणी गाळायचं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि त्याच्या सुरकुत्या हातानं सरळ करत राहिले.

“हं...” एवढंच म्हणाले.

चूक कळायला रसायनशास्त्र यावं लागत नाही. पाण्यात किती क्षार विरघळलेत हे काढायचं, तर मोजून पाणी घ्यायचं, ते आटवायचं आणि बशीच्या बुडाशी जो पांढरा थर उरतो तो तोलायचा. मग तेवढ्यावरून लिटरभर पाण्याचा हिशोब मांडायचा. शंभर मिलिलिटर आटवलं असेल तर दहानं गुणायचं, कारण लिटरात शंभर दहा वेळा बसतात. पंचवीस आटवलं असेल तर चाळीसनं. पुस्तकात शंभर घेतले होते, म्हणून पुस्तकानं दहानं गुणलं होतं. विशाखाची बशी लहान, म्हणून तिनं घेतले पंचवीस आणि गुणताना मात्र पुस्तकाचं ऐकलं.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. विशाखा गवई तेव्हा अठराची होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, आणि तामसखेडमधून विज्ञान शिकायला बाहेर पडलेली पहिलीच मुलगी होती. तामसखेड म्हणजे खारपाणपट्टा. अकोल्याकडच्या या पट्ट्यात कुठंही खणा, पाणी लागतं ते खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या पायावर सूज दिसली की घरचे एकमेकांकडे बघतात. पिण्याचं पाणी बाया दोन कोसांवरच्या तळ्यावरून आणत.

अशा गावात बुद्धविहाराच्या आवारात विहीर खणली गेली आणि विशाखानं तिचं पाणी तपासलं. बशीत उरले सेहेचाळीस मिलिग्रॅम. दहानं गुणून आले चारशे साठ. पाचशेच्या आत म्हणजे खुशाल प्यावं. गावानं पेढे वाटले. तिच्या कागदाला काच बसवून तो विहाराच्या भिंतीवर टांगला.

खरा आकडा होता अठराशे चाळीस.

तो कागद अजून भिंतीवर होता. विशाखा आल्यापासून तिकडे बघायचं टाळत होती आणि दर दोन मिनिटांनी तिकडेच बघत होती.

“भंते, ती चौकट मला काढायची आहे,” ती म्हणाली. “काढून फाडायची आहे. मग मी गावाला बोलावते आणि सगळ्यांसमोर सांगते.”

“सांगशीन,” भंते म्हणाले. “काई घाई हाय?”

घाई! विशाखाला भडकायला एवढं पुरेसं होतं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती आता जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. चांगल्या कामाबद्दल तिचा सत्कार ठरला होता, आणि तिथं चार शब्द बोलायचे म्हणून काल तिनं ट्रंकेतून जुनी वही काढली होती. “माझा पहिला प्रयोग,” असं म्हणून ती वही वर धरून दाखवायची, असं ठरवलं होतं. मोठ्या कौतुकानं पान उघडलं. वर लिहिलं होतं, पिपेट पंचवीस. खाली लिहिलं होतं, गुणिले दहा. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती इथं आली, ती आईच्या घरी न जाता थेट विहारात.

“अकरा वर्षं, भंते,” ती म्हणाली. “अकरा वर्षं गाव ते पाणी पितंय.”

भंतेंनी दोरीवरच्या फडक्याचं टोक ओढून सरळ केलं.

“आणि माझे बाबा...”

तिचे वडील सुखदेव गवई चार वर्षांपूर्वी गेले. किडन्या गेल्या होत्या. शेवटचं वर्ष तिनं त्यांना अकोल्याला आठवड्यातून दोनदा नेलं, त्यांच्या हाताच्या सुयांचे डाग तिला अजून डोळे मिटले की दिसतात. त्या वर्षभरात बाबांना तिनं किती वेळा म्हटलं होतं, तुम्ही आधी गोड पाणी पिऊ लागला असतात तर.

“विचार,” भंते म्हणाले. “विचारायलेच आली ना वं माय.”

“बाबा या विहिरीचं पाणी प्यायले का?”

“नाई.”

इतकं सरळ उत्तर आलं की तिचा त्यावर विश्वासच बसला नाही.

“तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय.”

“खोटं बोलनं मले बंद हाय. माहीत हाय तुले.”

“आईला मी दर सुट्टीत विचारायचे. माठातलं पाणी विहाराच्या विहिरीचं ना? ती हो म्हणायची.”

“तुही माय दर पुनवेले पंचशील घेते,” भंते म्हणाले. “पन लेकीपुढं खोटं न बोलाच्या चौथ्या शिलाले थोडी सूट देते.”

ते हसले. विशाखा हसली नाही. तिला तर आणखीच संशय आला. म्हातारी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, आणि मग तरुणांनी काय खरं मानायचं ते कळेनासं होतं.

“पटत नाही ना?” भंते म्हणाले. “मंग मोज.”

तिनं पर्समधून पेनासारखं छोटं यंत्र काढलं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवणारं.

“ते ठेव,” भंते म्हणाले. “तवा जसं केलं होतं तसं कर. तेच काटे, तेच बशी.”

“त्याला दुपार होईल, भंते.”

“होऊ दे.”

आता रेवत भंतेंबद्दल थोडं सांगायला हवं. भिक्खू होऊन चीवर घेण्याआधी हा माणूस एकतीस वर्षं अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत परिचर होता. बाटल्या धुतल्या, पाणी मोजून ओढायच्या काचेच्या नळ्या, पिपेटा, पुसल्या, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा केल्या. बायको वारली, मूलबाळ नव्हतं, निवृत्त झाल्यावर दीक्षा घेतली. कॉलेजनं मोडीत काढलेला काचेच्या पेटीतला तराजू त्यांच्या मागोमाग विहारात आला. भिक्खूला वस्तूंचा लोभ नसावा हे खरं. पण त्या तराजूवर भंतेंचा जीव होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं आणि कुणी त्यांना त्यावरून बोलत नसे.

तसा भिक्खू एका जागी रमत नाही. पावसाळ्याचे तीन महिने एका विहारात राहायचं, वर्षावास करायचा, आणि पुढं निघायचं. रेवत भंतेंनी मात्र लागोपाठ बारा वर्षावास तामसखेडातच काढले. नागपूरच्या मोठ्या विहारातून दोनदा बोलावणं आलं, गेले नाहीत. गुडघे धरले, तरी गेले नाहीत. विशाखानंही मागं लागून पाहिलं होतं. “या खाऱ्या गावात काय ठेवलंय, भंते? अकोल्याला चला, डॉक्टर जवळ आहे.” तेव्हा ते म्हणत, “थोडं काम राह्यलं हाय.” एवढ्याशा विहारात कसलं काम, हे तिला कधी कळलं नाही आणि तिनं खोदून विचारलंही नाही.

त्यांनीच तिला पहिल्यांदा पिपेट धरायला शिकवली होती. आणि तिनं...

तिनं काय म्हटलं होतं ते आठवून विशाखाचे कान आत्ताही तापले. त्या दिवशी आकडा काढून झाल्यावर भंते म्हणाले होते, “वही दाखव, एकडाव पाह्यतो.” आणि अठरा वर्षांची विशाखा म्हणाली होती, “भंते, तुम्ही बाटल्या धुवायचे. केमिस्ट्री मी शिकते.”

भंतेंनी मग वही मागितली नव्हती. तिनं पुढं केलेल्या कागदावर, जिथं ‘तपासलं’ असं छापलेलं होतं, तिथं सही करून दिली होती.

ती उठली. काचेच्या पेटीवरची धूळ पुसली, तराजूचा काटा मधोमध येईपर्यंत पायाचे स्क्रू फिरवले. हातांना काम येत होतं.

“आधी रिकामी बशी,” मागून भंते म्हणाले.

“माहीत आहे.”

चिनी मातीची तीच बशी, काठाला तोच टवका. तिनं चिमट्यानं एकेक वजन ठेवत रिकामी बशी तोलली आणि आकडा वहीत लिहिला. मग विहिरीचं पाणी काढलं, फडक्यातून गाळलं. या वेळी पिपेटनं पंचवीस घेतले, ते आटत आले की आणखी पंचवीस, असे चार वेळा. पूर्ण शंभर. स्टोव्हवरच्या उकळत्या पातेल्याच्या वाफेवर बशी ठेवली, आणि पाणी हळूहळू कमी होत जाताना बघत बसली.

दारं सताड उघडी होती. आवारात एक म्हातारी वाळवण राखत बसली होती. वर्षावास नुकताच संपला होता, ऊन चटका देणारं होतं. भंतेंचं जेवण कुठल्याशा घरून आलं, बारा वाजायच्या आत त्यांनी ते संपवलं. तिलाही त्यातलं वाढलं. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि पुन्हा बशीपाशी जाऊन बसली.

“भंते,” मधेच ती म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं?”

“काय?”

“माझी चूक.”

“दुसऱ्या दिवशी.”

ती गर्रकन वळली.

“तू सकाळच्या गाडीनं परीक्षेले गेली,” भंते म्हणाले. “दुपारी जेवनात याच विहिरीच्या पान्यातली डाळ आली. कडक. दातानं फुटंना. मी म्हटलं, गोड पान्यात डाळ शिजाले पायजे... मंग मीच बसलो तराजूपुढं. तेच पंचवीस, तेच सेहेचाळीस. तुही वही न पाहाता कळलं.”

“आणि गावाला?”

“सांजच्याले सांगितलं. वंदनेले सारे होते. म्हटलं, हे पानी पिऊ नोका, भांडे घासा, ढोरं धुवा. हिशोब चुकला, चूक माही हाय.”

“चूक माझी होती!”

“कागदावर तपासलं म्हनून सही कोनाची हाय?” भंते म्हणाले. “न तपासता केली. माही नाई तं कोनाची?”

विशाखाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. त्यांनी न तपासता सही का केली होती, ते त्या दोघांनाच माहीत होतं, आणि भंते त्यातलं अर्धच सांगत होते. ते खोटं नव्हतं. पण तिला झाकण्यापुरतं ते पुरेसं होतं.

“मला का नाही सांगितलंत?” तिचा आवाज चढला. “मी लहान होते, उद्धट होते, सगळं कबूल. पण शिष्याला त्याची चूक सांगायची नाही, हा कुठला गुरू?”

“सांगनार होतो.”

“कधी?”

“तुही परीक्षा झाली की.”

“मग?”

“मंग पाऊस आला,” भंते म्हणाले.

“म्हणजे?” विशाखानं विचारलं.

“त्यानंतर दर साली सांगाचं म्हनलो. पन दर साली पाहाले जावं तं चूक थोडी कमी झालेली. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या साली सांगू.”

विशाखाला काहीच कळेना. लिहून ठेवलेली चूक आपोआप कमी कशी होईल? म्हातारपणानं भंतेंचं काही बिघडलं तर नाही ना, अशी एक भीती तिच्या मनात डोकावली. ती काही विचारणार, तोच भंतेंनी बशीकडे बोट केलं.

“वात कमी कर. उडंन.”

पाणी आटलं होतं. बशीच्या बुडाशी पांढरी साय धरली होती. तिनं ती नीट सुकवली, मग कळीच्या चुन्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. हवेतला ओलावा मिठाला लगेच धरतो, म्हणून बशी अशी कोरड्या डब्यात निववावी लागते. निवल्यावर तिनं ती तोलली. मग पुन्हा तापवली, पुन्हा निववली, पुन्हा तोलली. दोन्ही वजनं जुळली, तेव्हा तिनं रिकाम्या बशीचं वजन वजा केलं.

सत्तेचाळीस मिलिग्रॅम.

तिनं डोळे चोळले. अकरा वर्षांपूर्वी पंचवीस मिलिलिटरमध्ये सेहेचाळीस उरले होते. आज शंभर मिलिलिटरमध्ये सत्तेचाळीस. चौपट पाणी आणि मीठ जवळपास तेवढंच.

“तराजू अडकतोय,” ती म्हणाली.

“दोनदा तोललं ना?”

“हो.”

“जुळलं?”

“जुळलं.”

“मंग तराजूले कायले बोल लावतं? पानी किती घेतलं?”

“शंभर.”

“अनं आता कितीनं गुनाचं?”

तिनं वहीतला शंभरचा आकडा पुन्हा पाहिला.

“... दहानं,” ती म्हणाली.

सत्तेचाळीस गुणिले दहा. चारशे सत्तर.

“आता काढ ते चौकट,” भंते म्हणाले. “मांगून पाह्य.”

खुर्चीवर चढून तिनं चौकट उतरवली. समोर काच, काचेआड तिचं अठराव्या वर्षीचं वळणदार अक्षर, विहिरीचं नाव, चारशे साठ, आणि खाली ‘तपासलं’ पुढं भंतेंची सही. तिनं चौकट उलटी केली.

मागच्या पुठ्ठ्यावर आकड्यांची एक उभी ओळ होती. सगळ्यात वर अठराशे चाळीस. त्याखाली पहिला वर्षावास, सतराशे दहा. दुसरा, पंधराशे पन्नास. मग दुष्काळाचं साल, आकडा उलटा चढून सोळाशे चाळीसवर. मग पुन्हा खाली, खाली... गेल्या वर्षी पाचशे वीस. त्याच्याखाली एक जागा रिकामी होती. आकडे भंतेंच्या हातचे होते.

पण काही आकड्यांच्या पुढं दुसऱ्याच हातानं लिहिलेलं होतं. जाड, वाकडं, पेन्सिलीनं. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर.

‘विहाराच्या टिनावरचं पानी पाइपानं विहिरीकडं वळवलं. खड्डा खनला. सु. गवई.’

‘वाळू धुऊन टाकली. गिट्टी नवी.’

‘पाइप फुटला. बांधला. शाळेच्या टिनाचं पानी पन जोडलं.’

विशाखानं दाराबाहेर पाहिलं. विहाराच्या छपरावरून एक काळा पाइप उतरत होता आणि विहिरीशेजारच्या दगड भरलेल्या खड्ड्यात जात होता. अकरा वर्षं ती त्याच्यावरून पाय टाकून आत येत होती. तिला वाटायचं, सांडपाण्याचा असेल. रसायनतज्ज्ञ बाई! पावसाचं गोड पाणी वर्षानुवर्षं जमिनीत जात राहिलं, तर तेवढ्यापुरतं खालचं खारं पाणी पातळ होत जातं, हे ती स्वतः इतर गावांत जाऊन बायांना चित्रं काढून सांगत होती.

“मले माती खनता येत नाई,” भंते म्हणाले. “भिक्खूच्या नियमात बसत नाई. मी फक्त म्हटलं, सुखदेव, कागद खोटा पडला. आता दोनच रस्ते हायेत. कागद बदलाचा नाई तं पानी. तो कुदळ घिऊनच आला.”

“बाबांना माहीत होतं...”

“साऱ्या गावाले माहीत होतं.”

“आणि कुणी मला...”

“तुह्या बापानं हात जोडले होते साऱ्यायले.”

विशाखा पुढं वाचत गेली. सहाव्या वर्षावासापुढचं अक्षर जास्त वाकडं होतं. ‘गाळ काढला. दम लागते.’ सातव्यापुढं आकडा होता नऊशे सत्तर. त्याच्यापुढं पेन्सिलीची शेवटची ओळ होती. त्यानंतरच्या आकड्यांपुढं कुणीच काही लिहिलं नव्हतं.

‘हजाराच्या खाली आलं. पोरगी बरोबर होऊन राह्यली. सु. गवई.’

ती खाली बसली. चौकट मांडीवर उपडी धरून ती रडली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत, आवाज करत. आवारातली म्हातारी वाळवण सोडून दाराशी आली, भंतेंनी तिला हातानंच जा म्हणून खूण केली, आणि ती गेली. भंते उठले नाहीत, जवळ गेले नाहीत. त्यांनी फक्त पाण्याचं भांडं तिच्या दिशेनं सरकवलं.

“कोणतं आहे?” तिनं विचारलं.

“तळ्यावरचं.”

ती प्यायली.

“बाबा कशानं गेले, भंते?”

“खाऱ्या पान्यानंच गेला, बाई,” भंते हळू आवाजात म्हणाले. “पन ते पानी त्यानं तुह्या जन्माच्या आधी पेलं. खड्डा खनाले आला तवाच पाय सुजलेले होते. डाक्टरनं त्याले तवाच सांगितलं होतं.”

“आणि तुम्ही त्यांना खणू दिलंत?”

दोरीवरचं फडकं वाळून हलकं झालं होतं, ते भंतेंनी काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडली.

“दोनदा कुदळ हिसकून घेतली,” ते म्हणाले. “तिसऱ्या डावानं तो म्हने, भंते, मले पोरीसाठी येवढंच करता येते. मंग मी नाई बोललो... ते बरोबर का चूक, मले अजून मोजता आलं नाई.”

त्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी ते लपवले नाहीत.

काही वेळानं विशाखानं तोंड पुसलं. वही घेतली. नव्या पानावर सगळं मांडलं: रिकाम्या बशीचं वजन, घेतलेलं पाणी, दोन्ही वेळची वजनं, वजाबाकी, गुणाकार. ओळीनं, काही न गाळता. मग ती गुडघ्यांवर बसली आणि वही दोन्ही हातांनी भंतेंपुढं धरली.

“भंते, तपासून देता?”

भंतेंनी चष्मा लावला. आकड्याआकड्यावरून बोट फिरवलं. वजाबाकी त्यांनी तोंडानं करून पाहिली, दोनदा. पिपेट किती वेळा भरली ते विचारलं. तिनं सांगितलं, चार वेळा. त्यांनी मान हलवली आणि मगच खाली सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत.

“चारशे सत्तर,” विशाखा म्हणाली. “पाचशेच्या आत आहे. मी प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घेते, बाकीच्याही सगळ्या तपासण्या करते. पण हे पाणी गोड झालंय, भंते. गावाला पिता येईल. आणि तेव्हा काय चुकलं होतं तेही गावाला मीच सांगणार. बाबांचं नाव घेऊन सांगणार.”

“सांग,” भंते म्हणाले. “आता सांग.”

पुठ्ठ्यावरच्या रिकाम्या जागेत तिनं चारशे सत्तर लिहिलं. त्याच्यापुढं, जिथं बाबांची पेन्सिल थांबली होती त्या रांगेत, काय लिहावं ते तिला सुचेना. शेवटी तिनं नुसतं नाव लिहिलं. वि. सु. गवई.

मग तिनं विचारलं, “आता तरी अकोल्याला याल ना? काम झालं.”

भंतेंनी तिच्या हातून चौकट घेतली, कापडानं काच पुसली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. ती जरा वाकडी होती, ती त्यांनी सरळ केली. दोन पावलं मागं सरकून पाहिलं, आणि पुन्हा जवळ जाऊन एक बोट तिच्या अठराव्या वर्षीच्या आकड्यावर ठेवलं.

“येथं चारशे साठ लिहेल हाय,” ते म्हणाले. “दहा राह्यले... अजून एक वर्षावास.”